मेढ्याहून आटपाडीला: हौश्याचं डावं शिंग

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळं घरात आधीच तीन होती. एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेले हात रिकामे पडले की त्यांना स्वस्थ बसवत नाही. त्यात माझ्याकडे राहणाऱ्या भाच्याने, निखिलने, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस चेनसॉने, म्हणजे झाडं कापायच्या साखळीच्या करवतीने, ओंडक्यातून घुबड काढत होता. मी म्हटलं, हे मला जमेल. निखिल हसला, आणि तो हसला म्हणूनच मी गेले. या लेखात पुढे आणखीही कबुल्या आहेत.

शोधता शोधता मेढ्याजवळ एक निवृत्त फौजी सापडले. नोकरीत असताना बर्फाच्या मुलुखात रस्त्यावर पडलेली झाडं कापायचं काम त्यांच्याकडे होतं, तिथेच हा नाद लागला. तीन दिवसांचं शिकणं, राहणं आणि जेवण मिळून सहा हजार. स्वारगेटहून साताऱ्याला एसटीने गेले. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. सातारा स्टँडवरून मेढ्याची गाडी तासाभरात पोचवते. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हवाच. साडी मात्र चालत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा जीन्स घातली, तीही निखिलची.

पहिला दिवस नुसता मशीनची भीती घालवण्यात आणि ती पुन्हा बसवण्यात गेला. नवख्यांसाठी फौजींकडे बॅटरीवरचं लहान मशीन आहे. कानाला आवाजरोधक, डोळ्यांना चष्मा, पायांना जाड पट्टे. फौजींनी करवतीच्या टोकावर बोट ठेवलं.

"बाई, ह्यो वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा न्हाई. लागला की मशीन उसळतंय. आन उसळलं की खटक्यावरलं बोट लगेच सोडायचं, दाबायचं न्हाई."

सगळे शिकाऊ आधी अळंबी करतात: खाली दांडा, वर टोपी. माझी पहिली अळंबी खलबत्त्यातल्या बत्त्यासारखी झाली. वहिनी, म्हणजे फौजींच्या पत्नी, ती बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, ठेचा कुटायला व्हईल." रात्री नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी. दिवसभर मशीन धरून वाटी धरवेना, आमटी जीन्सवर सांडली.

दुसऱ्या दिवशीची अळंबी अळंबीसारखी दिसली आणि मी हवेत गेले. फौजी पेट्रोल आणायला मेढ्याला गेले, वहिनी शेतात होत्या. मांडवाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक मोठं काम झाकलेलं होतं. आदल्या दिवशी फौजींनी ते उघडून दाखवलं होतं: खिलार बैलाचं डोकं आणि मान, लांबसडक शिंगांसकट. आटपाडीकडच्या तात्या नावाच्या शेतकऱ्याचा हा मेलेला बैल, हौश्या; त्याची आठवण म्हणून त्यांनी हे करायला दिलं होतं. अठरा वर्षं ज्या कडुनिंबाखाली तो बांधलेला असायचा, ते झाड रस्ता रुंदीकरणात गेलं. त्याच्याच दुबेळक्यातून शिंगं काढली होती. दोन्ही फांद्या मुळातच तशा वाकलेल्या होत्या. तसं दुसरं लाकूड मिळणार नव्हतं. फौजींनी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्याला हात लावायचा न्हाई. तात्यांना फोन केल्याबिगर मी बी लावत न्हाई."

मी गोणपाट काढलं. बघितलं तर डावं शिंग उजव्यापेक्षा खाली होतं. चांगलं दोन बोटं.

आता माझा स्वभाव सांगते. एकतीस वर्षं मी पोरांच्या चित्रांवरून रबर फिरवत आले. 'दोन्ही बाजू सारख्या काढ' हे मी झोपेतही बोलत असेन. पर्समध्ये अजून खडू असतो. मी खडूने डाव्या शिंगावर रेघ मारली. खालून थोडं लाकूड काढलं की शिंग वर दिसेल, फौजी येऊन बघतील आणि म्हणतील, बाईंची नजर बाकी तयार आहे. हो, हेच मनात होतं. शाबासकी हवी होती मला, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

लहान मशीन चालू करून शिंगाखाली धरलं, आणि वरचा कोपरा लाकडाला लागला. मशीन उसळलं. बोट सोडायच्या ऐवजी मी घाबरून आणखी दाबलं, आणि करवत खाली येताना आरपार गेली. हातभर शिंग भुशात पडलं.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. मी शिंग उचलून बैलाच्या मानेशी ठेवलं, गोणपाट पूर्ववत घातलं आणि माझ्या अळंबीपाशी जाऊन बसले.

संध्याकाळी फौजींनी गोणपाट उचललं. गुडघ्यावर बसून तुटलेली कड बघितली. मीच म्हणाले, "लाकडाला चीर असेल का हो? वाळताना तडकलं असेल."

त्यांनी तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. खडूची रेघ तिथेच होती. ती त्यांनी अंगठ्याने हळूच पुसली.

"व्हय," ते म्हणाले. "आसंल चीर."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण म्हणतो. मी तर पाटावर बसून जेवले. वहिनींनी आग्रहाने दुसरी भाकरी वाढली, तीही खाल्ली. मागे फौजी लाकडी खुंटी ठोकून शिंग सांधत होते.

तिसऱ्या दिवशी बैल पोचवायचा होता. पिकअपमध्ये पुढे मला जागा दिली. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. ऊस मागे पडतो, मग ज्वारी, मग नुसता माळ, आणि आटपाडीच्या अंगाला डाळिंबाच्या बागा. चार तास धरून चाला. पुसेगावला मिसळ चांगली मिळते, म्हणजे फौजी तसं म्हणाले. मला गिळवली नाही.

दहिवडीच्या पुढे मी विषय काढला, पण भलताच. "डावं शिंग तसंही जरा खाली होतं ना?"

"तसंच हुतं हौश्याचं," फौजी समोर बघत म्हणाले. "ल्हानपणापास्नं डावं शिंग खुट्याला घासायचा, ते खाली गेलं. तात्यांनी चार येळा फोन करून सांगितलं. खाली घ्या, आजून खाली घ्या. त्यावरनंच तर वळखायचा त्यो."

तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. गाडीत दोघंच होतो.

तात्यांच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. तात्या पंचाहत्तरीचे, डोक्याला फेटा, हातात हळदीकुंकवाचं ताट. त्यांनी बैलाच्या कपाळाला हळद लावली, आणि जिवंत जनावराला करतात तसा शिंगाच्या बुडापासून टोकाकडे हात फिरवला. आधी उजवं. मग डावं. सांध्यापाशी हात थांबला. मूळचा वाक कापात गेला होता, त्यामुळे खुंटीवर बसवलेलं शिंग सरळ वर गेलं होतं.

"ह्ये हौश्याचं न्हवं."

"चूक माजी, तात्या," फौजी म्हणाले. "हात सुटला."

तात्यांचा आवाज चढला. "आवं, एक शिंग सांगितलं हुतं तुमास्नी! धा येळा सांगितलं! जनावर कळत न्हाई तर कशाला हात घालता वं?" जमलेल्यांत एकाला आपल्या घोड्याचं असंच काम द्यायचं होतं, आल्याआल्या त्याने फौजींना विचारलंही होतं. तो मागच्या मागे सरकलेला मी पाहिला. फौजी मान खाली घालून उभे होते. मग तात्यांनी स्वतःला सावरलं, आणि पाहुणी म्हणून माझ्या हातात चहा दिला. "बसा बाई. तुमच्यासमोर बोललो, मनावर घेऊ नगा."

मी बसले. चहा प्यायले. चहा चांगला होता.

पुण्यात आल्यावर चार दिवस निखिलला अळंबीचे फोटो दाखवत होते. पाचव्या दिवशी फौजींना फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पावन्याला चारचौघांत उघडं पाडायचं न्हाई, म्हणून गप ऱ्हायलो. पन मला सांगून काय उपेग, बाई?"

तात्यांचा नंबर त्यांच्याकडूनच घेतला. तात्यांनी सगळं ऐकलं.

"बाई, ह्ये फोनवर ऐकून मी काय करू?" ते म्हणाले. "त्या मानसाला मी भरल्या अंगनात बोललो. समद्या गावानं ऐकलं. तुमी हितं या. मी मानसं गोळा करतो. त्यांच्यापुढं सांगा."

मी येते म्हणाले. उद्या पहाटे आटपाडीची गाडी आहे, तिकीट काढलंय. मशीन शिकायला तिकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की फौजी फार चांगले शिकवतात, आणि त्यांच्या कामात खोट नाही.

बॅग भरताना निखिलने विचारलं, "परत कशाला गं, मावशी?" तोंडातून निघून गेलं, "सहज, फिरायला." पाच मिनिटं बॅगेची चेन लावत-काढत बसले. मग त्याच्या खोलीत गेले, त्याला मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "हौश्याचं शिंग मी कापलं."