आईच्या कपाळावरचं गोंदण

मंठ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमात नवरी गोरी करावी तर मीच, असं मी छाती ठोकून सांगायचो. उजेडाचं एक बटण उजवीकडं ओढायचं, की झाली पोरगी गोरीपान. गिऱ्हाईक बी खूश.

मंग बायको मोबाइलवर बघून बघून हे काम शिकली. ती आधी फोटोचा हिस्टोग्राम, म्हंजी उजेड-अंधाराचा आलेख, उघडायची. डावीकडं काळोख, उजवीकडं उजेड, मधी ढिगारा. ढीग जिथं संपतो तिथवरच ती आलेखाखालची खूण सरकवायची, पुढं तीळभर न्हाई. चेहरा उजळायचा, पण त्यावरचं काही पुसलं जायचं न्हाई. लोक म्हणायला लागले, "भाऊ, वहिनींनाच बसू द्या की!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्याच दुकानात मी चहा सांगायपुरता राह्यलो!

एक दिवस खेड्यावरचा एक मेंढपाळ आला. आई वारल्ती, दहाव्याला फ्रेम पाहिजे होती. बायको उठली, तसा मी खेकसलो, "बस गप. मी काय मेलो का?" त्याच्या मोबाइलातला आईचा फोटो घेतला, जल्दी उजेडात ओढला, चकाचक केला.

तो पडद्याकडं बघतच राह्यला. "ही माझी आई न्हाई," म्हणाला. "तिच्या कपाळावर गोंदण होतं. कुठं गेलं ते?"

बायकोनं त्याच्या मोबाइलातला फोटो पुन्हा नव्यानं घेतला आणि खुणा बराबर जुळवल्या. सावळा चेहरा, सुरकुत्या आणि मंग हिरवं गोंदण वर आलं. तो माणूस ढसाढसा रडला, तिच्या पाया पडायला निघाला. आणि मी, खोटं कशाला बोलू, तेव्हा बी जळूनच राह्यलो होतो.

तो गेल्यावर माझी नजर भिंतीवर गेली. तिथं माझ्या आईची फ्रेम, मीच केलेली, गोरीपान. आईच्या कपाळावर बी गोंदण होतं. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. फ्रेममधलं कपाळ कोरं. रोज उदबत्ती लावतो, पण एकदा बी ध्यानात आलं न्हाई. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"हिचं बी कर," मी बायकोला म्हणालो. तिला काम सांगायची माझी ती पहिलीच वेळ.

तिनं फाइल उघडली. ढिगारा सगळा उजव्या कडेला चिकटलेला. तिनं खूण सरकवली, तसं पांढरं कपाळ राखाडी झालं. बाकी काही न्हाई.

"मूळ फोटो कुठंय?"

मूळ फोटोवरच मी सेव्ह केलं होतं. जागा वाचते म्हणून सगळ्यांचंच तसं करायचो. आणि फोटोवाल्याची आई असून तिनं दुसरा फोटो कधी काढूच दिला न्हाई.

"अहो, यात आता काहीच न्हाई राह्यलं," ती हळू म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

बायकोवर जळायचं त्या दिवशी संपलं. आता मी त्या मेंढपाळावर जळतो. त्याची आई त्याच्या घरी गेली.