अक्षताची अडून बसणारी कामं

दोन वर्षं झाली त्या भांडणाला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते आणि शेजारच्या खोलीत माझी नात अक्षता फोनवर तिच्या साहेबाशी, अभिमन्यूशी भांडत होती. तो म्हणत होता, वर्कर वाढव. ही म्हणत होती, "सर, चाराचे आठ केले तर आठही अडकतील." मला वाटलं, कारखान्यातल्या माणसांचं काही असेल.

जेवताना तिनं समजावलं. ती पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करते. अकलूजकडच्या डेअऱ्यांचा प्रोग्राम तिच्याकडं. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे नोंदवायचं आणि शेतकऱ्याला मेसेज धाडायचा, अशी हजारो बारकी कामं एकदम येतात. ती करणारे कॉम्प्युटरच्या पोटातले वर्कर मात्र चारच. "तुमच्या भाकऱ्यांसारखंच की अज्जी," म्हणाली.

मी आणि माझी जाऊ सुंदरम्मा गल्लीतल्या बायकांना घेऊन भाकऱ्या करून विकायचो. तवे चार, बायका जास्त. जिचा तवा रिकामा, ती शेजारणीच्या परातीतला गोळा उचलणार. आणि कुणाला पिठासाठी थांबायचं असलं तर तिनं चुलीपुढून उठायचं, दुसरीला बसू द्यायचं. न उठणारीला सुंदरम्मा कन्नडातून जे बोलायची ते लिहिण्यासारखं नाही.

प्रोग्रामातलं मेसेजचं काम असंच न उठणारं. मेसेज पोचल्याचं उत्तर येईपर्यंत ते वर्कर धरून बसायचं. अशी चार बसली की चारी वर्कर नुसते ताटकळत, आणि मागं सगळ्या दुधाच्या नोंदी खोळंबलेल्या. मग अक्षतानं सगळं बंद करून परत चालू करायचं. रोज संध्याकाळी, दूध यायच्या वेळी.

उत्तराची वाट बघताना त्या कामानं जागा सोडावी, असं लिहायला एक आठवडा द्या, एवढंच तिचं मागणं. पण तो भाग साहेबानं स्वतः लिहिलेला. त्यानं वर्कर आठ केले. दिवाळीनंतर दूध वाढलं आणि आठही अडकले. तरी तो म्हणे, बंद-चालू केलं की चालतंय ना?

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत गल्लीत आल्या, तेव्हा ही पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी म्हटलं, अगं, हात तरी जोड. "जोडते अज्जी, एवढं सुटू दे." नंदीध्वज कोपऱ्यावरून वळले, तिचं काही सुटलं नाही.

त्यानंतर तिनं आठवडा परत मागितला. साहेबानं पुढच्या वर्षावर ढकलला. तिनं राजीनामा दिला.

"एवढा राग?" मी विचारलं.

"चूक कुटं हाय ते ठाऊक, दुरुस्ती ठाऊक, अन् हात लावायचा न्हाय. किती दिस बसू?"

शेवटच्या दिवशी नव्या माणसाला सगळं सांगून झालं होतं. आता त्याला बघू दे, मी म्हटलं. दुधाच्या वेळेला ती जिना चढून गेली. अडकलंच होतं. तिनं बंद केलं, चालू केलं, मेसेज जायला लागेपर्यंत बघत बसली, आणि मग लॅपटॉप मिटला.