दादाची गाडी सोलापूरहून आणताना

दादा मंगळवारी सकाळी चहा प्यायला, पेपरची घडी घातली आणि बसल्या जागीच गेला. त्याची गाडी तेव्हा सोलापुरात, बसूअण्णा नावाच्या मेकॅनिककडे होती.

तीन महिन्यांनी मी ती आणायला पुण्याहून निघालो, तेव्हा वहिनीने दारातच अट घातली. "लग्न झाल्यापासून ही गाडी मी टेम्पोवर चढताना आणि टेम्पोवरून उतरतानाच बघतेय. या वेळी स्वतःच्या चाकांवर आली तर राहील. टेम्पोवर आली, तर टेम्पो तसाच गिऱ्हाइकाकडे पाठवायचा." गिऱ्हाईक तिने शोधून ठेवलं होतं. वहिनी बोलते तसं करते.

रेल्वेत मी गाडीचं जुनं माहितीपुस्तक वाचत बसलो. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी समासात लिहिणाऱ्या मुलांना रागावलो. दादाने या पुस्तकाचा एकही समास कोरा सोडलेला नव्हता. स्टिअरिंगच्या प्रकरणाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे लेखक थापा मारतो.' कुर्डूवाडी आली तेव्हा मी एकटाच हसत होतो. समोरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

अक्कलकोट रस्त्यावरच्या गॅरेजात गाडी दिसली. दोन आसनांची, लाल, बुटकी, कापडी टपाची. पुढची चाकं काढलेली होती, त्यामुळे ती नमस्काराला वाकल्यासारखी वाटत होती.

"यावा सर. दादांसारखंच नाक हाय की तुमचं," बसूअण्णा म्हणाले. मग थोडा वेळ ते पानाच पुसत राहिले.

अडचण त्यांनी समजावली. दादाने हौसेने रुंद टायर घातले होते आणि ते वळताना आत घासत होते. उपाय म्हणजे स्पेसर (चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती). त्याने चाक बोटभर बाहेर येतं.

"चकती घातली की चाकाचे बोल्ट, म्हणजे स्टड, आखूड पडतात," मी पुस्तकातलं ज्ञान पाजळलं.

"लांब घातलेत की. नटाला धरायला आटे नकोत व्हय? तुमी पुस्तक वाचा, मी चाक बघतो."

चकत्या नरसय्या टर्नरकडे तयार होत्या. त्यांची लेथ चिंचोळी एमआयडीसीत, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी रिक्षाने गेलो. नरसय्यांचं घराणं मागावरचं, पण यांनी धोटा सोडून लेथ धरलेली. त्यांच्या आईने, अक्कांनी, चकत्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. बांधण्याआधी हळद-कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. मी पाहिलं आणि हात जोडले.

दुपारी चाकं चढली. बसूअण्णांच्या घरून डबा आला होता. हुग्गी (गव्हाची खीर), कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जेवून आम्ही कुंभारीपर्यंत चक्कर मारायला निघालो. मी चालवत होतो. चाळीसपर्यंत गाडी गुणी होती. साठला स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"हळू घ्या, हळू घ्या," बसूअण्णा दार धरून म्हणाले. कुंभारीच्या फाट्यावर उतरून त्यांनी नट पुन्हा आवळले. परतताना तीच गत. मला डोळ्यांसमोर टेम्पो दिसायला लागला.

गॅरेजात त्यांनी निकाल दिला. "नरसय्याला फोन लावा. म्हणावं, चकती वाकडी कापलीयस. डोळे कुटं ठेवले होते विचारा."

मी फोनवर म्हणालो, "बसूअण्णा विचारतात, तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

नरसय्या म्हणाले, "त्याला सांगा, माझी चकती केसभर चुकायची न्हाय. त्यालाच चाक बसवता येत नसंल."

मी फोन ठेवून सांगितलं, "येतो म्हणाले. तुमच्या कामाची तारीफ करत होते."

बसूअण्णांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "नरसय्या? तारीफ?"

नरसय्या आले ते डायल (फिरण्यातला बारीक फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ) घेऊनच. दोघांनी एकमेकांकडे न बघता चाक उतरवलं. रिकाम्या हबवर काटा जागचा हलला नाही. चकती चढवून नट आवळले, तर काटा नाचायला लागला.

"बघा," बसूअण्णा मला म्हणाले.

नरसय्यांनी चकती काढून उलटी केली. हबला चिकटणाऱ्या बाजूवर हळद-कुंकवाचा वाळलेला थर होता, आणि त्यात तांदळाचे दोन दाणे, चेपून बसलेले. दुसऱ्या चकतीत तीन निघाले.



"तुला दिसलं न्हाय व्हय बसवताना?" नरसय्यांनी विचारलं.

"दिसलं की. पूजेचं पुसायचं कसं?"

"मलाही दिसलं होतं," मी कबूल केलं. पुस्तकात पान नव्वदवर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, की बसणारी बाजू आरशासारखी स्वच्छ हवी. मी ते दोनदा वाचलं होतं.

नरसय्यांनी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "अगं, आतल्या बाजूला का लावलीस पूजा?"

"बाहेर लावलं की पुसून जातंय," अक्का म्हणाल्या. "आत ऱ्हायलं की टिकतंय."

आता पुसायचं कोणी, हा प्रश्न उरला. नरसय्या म्हणाले, आईचा हात लागलाय. बसूअण्णांनी कानाला हात लावले. मग दोघं पहिल्यांदाच एकमताने म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. तुमीच पुसा."

मी रुमालाने पुसलं. दाणे नखाने सोडवले. काटा स्थिर राहिला. कुंभारीपर्यंत पुन्हा गेलो. साठला गाडी सरळ, ऐंशीलाही सरळ. बसूअण्णा फाट्यावर एवढंच म्हणाले, "दादा असते तर शंभर मारली असती." आम्ही ऐंशीनेच परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची वाट चिंचोळीवरूनच होती. अक्का शेडच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली आणि वाकून चाकाकडे पाहिलं.

"पूजा हाय न्हवं अजून?"

"आहे की," मी म्हणालो. "अगदी माझ्याजवळ आहे." रुमाल खिशात होता. त्यांचं समाधान झालं आणि मला खोटं बोलावं लागलं नाही.

वाटेत भिगवणला चहा आणि एकदा टप नीट बांधायला थांबलो. एवढ्या लांबच्या रस्त्यात लक्षात आलं, की दादा गाडी सोलापूरला का न्यायचा हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. पुण्यातही मेकॅनिक होते. सोलापुरात त्याच्याशी भांडायला माणसं होती.

वहिनी फाटकाशी आली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना टेम्पो शोधला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं आणि पदर सावरून शेजारच्या आसनावर बसली.

"चल, कोपऱ्यापर्यंत."

आम्ही कात्रजपर्यंत गेलो.

गिऱ्हाइकाला तिने 'नाही' असं कळवलं. आता रविवारी गाडी मी चालवतो आणि वहिनी शेजारी बसते. आसनं दोनच आहेत.