पाऊण प्लेट

झटका आला तेव्हा हे अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. बराच वेळ पाणी नुसतंच वाहतंय असं आवाजावरून वाटलं, म्हणून मी रागावूनच बाहेर आले. हे पायरीवर बसलेले, पाइप पायाशी पडलेला, तोंड किंचित वाकडं. माझ्याकडे बघून मोठ्या कळकळीने काहीतरी सांगत होते आणि त्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता.

दवाखान्यातून घरी आणलं तोवर पाय सुधारला होता. काठी घेऊन चालायचे. उजवा हात मात्र जड राहिला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे, एक शब्द उरला होता. ‘अगं’. लग्न झाल्यापासून मला हाक मारायचा तोच शब्द. पाणी हवं असलं तरी अगं, पंखा बंद करायचा असला तरी अगं, आणि राग आला की मोठ्याने अगं. डॉक्टरांनी समजावलं होतं की शब्द डोक्यात आहेत, बाहेर यायची वाट तेवढी अडली आहे. ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. आत सगळं भरलेलं, आणि दार बंद.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. गोड होती, चिकाटीची. चित्रांची कार्डं घेऊन बसायची. सफरचंद, मांजर, छत्री. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला मांजर ओळखायला लावायचं, हे मलाच बघवत नव्हतं. चौथ्या का पाचव्या वेळी यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं टेबलाखाली ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मुलीने शांतपणे कार्डं गोळा केली आणि मला म्हणाली, “काकू, हे राहू द्या. काकांचं स्वतःचं असं काय आहे घरात? ज्याच्यावर ते तासन्‌तास बोलायचे?”

मी कपाटाकडे बोट दाखवलं. “त्या डब्यांवर.”

कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते आणि त्यांत जुन्या अमेरिकन खिशातल्या घड्याळांची मशिनं. घड्याळं नव्हेत, नुसती मशिनं. लोक आजोबा-पणजोबांची घड्याळं सराफ बाजारात नेतात, सोनार चांदीची नाहीतर सोन्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, काढून वितळवतो आणि आतलं मशीन बाजूला टाकतो. ती टाकलेली मशिनं हे मागून आणत. नोकरी संपून आम्ही नाशिकरोडला घर घेतलं तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये हे डबे नव्हते. यांनी ते मांडीवर घेऊन प्रवास केला होता. रविवारी भिंग लावून बसत आणि मला सांगायला लागत. मी हं हं म्हणत भाजी निवडायची.

मुलीने सांगितलं, “आता तुम्ही विचारायचं. पण दोन पर्याय देऊन. हे की ते, असं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटात पांढरा पंचा अंथरला, डबा उघडला आणि एक मशीन वर ठेवलं. यांचे डोळे एकदम जागे झाले. मी भिंग डोळ्याला लावलं. कळलं काहीच नाही, चकचकीत पितळ आणि बारीक स्क्रू. काहीतरी बोलायचं म्हणून मीच म्हणाले, “ही प्लेट पूर्ण आहे ना हो?”

यांनी मान हलवली. जोरात. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. आणि बाहेर आलं, “पाऊण!”

मी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “पाऊण कुठे? आत्ता तर दहाच वाजतायत.”

“अगं!” हे वैतागले. टेबलावर हात आपटला. “पाऊण! पाऊण!” आणि डाव्या बोटाने त्या मशिनच्या पाठीवर टकटक केलं.

तेव्हा मी नीट पाहिलं. मागची गोल प्लेट एका बाजूने कापलेली होती आणि त्या मोकळ्या जागेत सारखं इकडून तिकडे झुलणारं ते चक्र बसवलेलं होतं. कलिंगडाची एक फोड काढून घ्यावी तशी ती प्लेट. पाऊण प्लेट. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाही. हे पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग रोजचा नेमच झाला. न्याहारी झाली की ताट, पंचा, भिंग. शिकवायचं यांनी, बोलायचं मी. पूर्ण प्लेट म्हणजे जुनी घडण: सगळी पाठ झाकलेली आणि चक्र त्या प्लेटच्या वर, उघड्यावर. पाऊण प्लेट त्यानंतरची, त्यामुळे घड्याळ चपटं झालं. काहींत प्लेटच्या जागी वेगवेगळ्या पट्ट्या असत, चाकांवरून टाकलेल्या पुलांसारख्या. पण तिथेही फसवाफसवी होती. एकात मला तीन पूल दिसले, तर यांनी भिंग माझ्या डोळ्याजवळ आणून दाखवलं की प्लेट एकच आहे, वर नुसत्या रेघा कोरून पूल असल्याचा भास केलाय. मी म्हटलं, “म्हणजे खोटे पूल?” यांनी मोठ्या समाधानाने मान डोलावली. “खो-टे,” म्हणाले. परत आलेला हा दुसरा शब्द.

मला सगळ्यात आवडायची ती पाठीवरची झळाळी. जुन्या मशिनांना सोन्याचा मुलामा असे, मऊ, हळदीच्या हातासारखा पिवळा. नंतरची निकेलची, आणि निकेलवर यंत्राने कोरलेली नक्षी. उजेडात ताट फिरवलं की ती नक्षी पाण्यासारखी हलायची. प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. हे पूर्वी नावावर अंगठा ठेवून नुसत्या नक्षीवरून कारखाना सांगत. मला त्या नक्ष्यांची नावं ठाऊक नव्हती, म्हणून मी आपली घरची ठेवली. सरळ पट्टे असले की शेवया. माशाच्या अंगासारखे अर्धगोल असले की खवले. मधोमध गोल गोल फिरत गेली की चकली. पहिल्यांदा चकली म्हटल्यावर यांनी कपाळाला हात लावला. पण पुढच्या आठवड्यात मुलगी आली, तिने एक मशीन उचलून विचारलं, “काका, हे काय?” तर हे तिच्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, “निकेल. चकली.”

ती मुलगी खुर्चीतच उडाली.

असे शब्द येत गेले. सोनेरी, माणिक, स्क्रू, तुटलं, दे, ठेव. पण एकेकटे. दोन शब्दांची गाठ काही पडत नव्हती. मुलगी म्हणायची, पडेल. मी म्हणायची, पडेल. मनात मात्र धाकधूक असायची.

उन्हाळ्यात मालेगावहून यांचे एक जुने स्नेही आले. यंत्रमागावर काम करणारे, पिकल्या दाढीचे. जुन्या बाजारात घड्याळं चाळताना दोघांची ओळख झाली होती आणि तिथून मैत्री. यांना असं पाहून त्यांचे डोळे भरले. बराच वेळ यांचा जड हात धरून बसले. मग मी चहा आणला तेव्हा खिशातून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं.

“भाभी, हे माझ्या आजोबांचं. मनमाडला इंजिनावर होते ते. गोऱ्या साहेबाने देश सोडून जाताना स्वतःच्या खिशातलं काढून दिलं, असं अब्बा सांगायचे. मी पण मुलांना तेच सांगत आलो. आता मुंबईच्या एका माणसाला दाखवलं, तर म्हणतो, चाचा, हे जोडाजोडीचं आहे. केसवर एका कंपनीचं नाव, मशिनवर दुसरीचं. कुणीतरी भंगारातून जमवून तुमच्या आजोबांच्या गळ्यात मारलं.” ते थांबले. “घड्याळाचं काय एवढं नाही. पण अब्बा खोटं सांगायचे का, हे मनातून जात नाही.”

मी मागचं झाकण उघडलं. आता मला भीती वाटत नव्हती. “पूर्ण प्लेट,” मी म्हटलं. “निकेल. शेवया. चक्र वर आहे.” प्लेटवर कोरलेलं नाव तबकडीवरच्या नावाशी जुळत होतं. झाकणाच्या आत मात्र खरंच दुसरं नाव ठोकलेलं होतं. माझा चेहरा पडला. “वेगळंच आहे हो,” मी यांना म्हटलं.

हे मान हलवायला लागले. नाही, नाही. काहीतरी सांगायचं होतं आणि येत नव्हतं. “के… के…” मग ताडकन उठले, काठीसुद्धा न घेता भिंतीपाशी गेले आणि आमच्या लग्नाचा फोटो खिळ्यावरून काढला. मी धावले, मला वाटलं पडतात आता. पण यांनी फोटो टेबलावर आणून ठेवला. फ्रेमच्या लाकडावर बोट ठेवलं.

“फ्रेम… दुसरी.” मग काचेवर बोट. “फोटो… आपला.”

हे पुन्हा म्हणाले, जास्त ठामपणे, “फ्रेम दुसरी. फोटो आपला!”

आणि मला आठवलं. भाजी निवडता निवडता कधीतरी कानावरून गेलेलं. अमेरिकेत मशीन एक कारखाना करायचा आणि केस दुसरा. गिऱ्हाईक दुकानात जाऊन मशीन पसंत करायचं, केस पसंत करायचं आणि दुकानदार दोन्ही जोडून द्यायचा. वेगळी नावं असणं हीच तिथली रीत. मी ते सांगितलं तसे हे माझा दंड धरून हलवायला लागले. हो, हो, तेच.

“पण भाईजान, नंतर कुणी बदललं नसेल कशावरून?” पाहुण्यांनी हळूच विचारलं.

यांनी मला पेचकस दाखवला. मशीन केसमध्ये दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. मी पेचकस लावला आणि स्क्रू सुटले. मशीन पंच्यावर ठेवलं. यांनी केसची कड माझ्या भिंगासमोर धरली. स्क्रू जिथे दाबून बसतो तिथे धातूवर त्याचा वळ उठतो. मशीन बदललं की नवे स्क्रू नव्या जागी बसतात आणि जुने वळ तसेच राहतात. मी कड सावकाश फिरवून पाहिली. पुन्हा पाहिली.

“स्क्रू दोन आणि वळही दोनच आहेत,” मी म्हटलं. “दुसरे कुठेच नाहीत.”

“पहिलं,” हे म्हणाले. मग पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा, “अब्बा… खरं… बोलले.”

पाहुण्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघरात पळाले. चहा पुन्हा ठेवायचं निमित्त होतं.

साहेबाने घड्याळ दिलं की नाही, ते काही मशीन सांगत नाही, हे मला नंतर सुचलं. पण भंगारातून जमवलेलं ते नक्की नव्हतं, आणि त्या घराला तेवढं पुरे होतं.

आता यांचं बोलणं पुरतं परत आलेलं नाही. मोठं वाक्य असलं की मध्येच अडतं, कधी ‘चहा’ म्हणायचं असताना ‘चावी’ येतं आणि स्वतःच खजील होतात. पण वाक्यं येतात. मागच्या महिन्यात आम्ही मालेगावला पाहुण्यांच्या नातीच्या लग्नाला गेलो. मांडवात शेजारच्या खुर्चीवर कुणी तरुण शिक्षक बसले होते, त्यांनी सहज विचारलं, “काका, तुम्ही काय करता?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी मला हाताने थांबवलं.

“मी… घड्याळं… ओळखतो,” हे म्हणाले. आणि त्या गृहस्थांची बिर्याणी गार होईपर्यंत त्यांना सोडलं नाही.