वनिताच्या कॅसेटमधली माझी आई

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिच्या मुलीने, प्राचीने, एवढंच सांगितलं, "मावशी, आई गेली." मी रडले, पण खोटं कशाला लिहू, रडता रडताच तिच्या कपाटातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटा आठवल्या... त्यांत माझी आई होती. आईला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तिचा हलता-बोलता चेहरा माझ्या घरात कुठेच नव्हता. होता तो वनिताकडे.

बल्लारपूरला पेपर मिलच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत. वनिता चौथीत असतानाच तिची आई वारली, तेव्हापासून ती दिवसभर आमच्याकडेच. तिची वेणी आईने घालायची, तव्यावरची पहिली पोळी तिच्या ताटात. मी धुसफुसले की आई म्हणायची, "तिले कोन हाय वं? तुले त मी हावोच ना." माझं त्याने कधी समाधान झालं नाही. वनिताचे मामा लग्नांचं शूटिंग करायचे. आम्ही अकरावीत असताना त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना तिला दिला. मग काय, ती सारखी आईच्या मागे. आई काडीवर कणकेचे सरगुंडे वळतेय, आई पापड वाळत घालतेय, आई कोणावर तरी रागावतेय. माझ्याकडे कॅमेरा वळला की मी तोंड फिरवायची. आई माझी, आणि तिची फिल्म काढणारी ही कोण?

गेल्या वर्षी आजार कळल्यावर वनिता त्या कॅसेटा घेऊन चंद्रपूरच्या एका दुकानात जायला लागली. फितींवर बुरशी चढली होती. शिवाय कॅसेट जितकी लांब, तितकाच वेळ ती पेन ड्राइव्हवर उतरायला लागतो. नागपूरहून उपचार घेऊन आली, की चार दिवसांनी ही बाई त्या दुकानात स्टुलावर हजर. एकदा मीही सोबत गेले. "दुकानदार करेल ना, तू कशाला बसतेस?" मी विचारलं. "त्याले का समजते, कोनता तुकडा ठेवाचा?" ती म्हणाली. तेवढ्यात पडद्यावर आई दिसली, आणि वनिताचा चेहरा असा काही उजळला, की मी चहाच्या निमित्ताने बाहेर पडले. या वयातही मला ते सोसवेना. मलाही एक प्रत दे, एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. माझीच आई मी तिच्याकडे मागायची?

तेरवीच्या दिवशी प्राचीने माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "आईनं तुमच्यासाठी अलग करून ठेवला होता, मावशी. तुमच्या आईचे सारे तुकडे हायेत."

घरी येऊन टीव्हीला लावला. अंगणात आई काडीवर सरगुंडे वळतेय, शेजारी सलवार-कुर्त्यातली मी. कॅमेऱ्यामागून वनिताचा आवाज येतो, "शोभे, काऊन तोंड फिरवून राह्यली? इकडे पाह्य ना." मी ताडकन उठून घरात जाते. पुढच्या तुकड्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. आई आणि मी एकमेकींकडे बघतोय असा एकही क्षण सापडला नाही. वनिताने तो गाळला नव्हता, मीच तो येऊ दिला नव्हता. आई मात्र दर वेळी मान वर करून हसते. कॅमेरा धरलेल्या पोरीकडे बघून हसते.

आता रोज दुपारी जेवणं आटोपली की मी टीव्हीसमोर बसते. आई हसते तेव्हा समोर मीच असते, वनिता उभी असायची त्या जागी. थोडा वेळ बरं वाटतं. मग वाटतं, ती तर आता आईकडेच गेली... याही वेळी माझ्या आधी.