वैजूआत्याचा उजवा खण

डोळा लागतोय. रविवारची दुपार, कबड्डीचा सराव करून आलेय, पोटऱ्या ठणकतायत, समोरच्या कारखान्यातले माग खडखडतायत. त्या खडखडाटात हळूच दुसरा एक आवाज मिसळतो. शिलाई मशीनचा. माझ्या पलंगाशेजारी वैजूआत्याचं मशीन आहे खरं, पण आत्याला जाऊन तीन वर्षं झाली आणि तिच्यामागे त्याला कोणी पाय लावलेला नाही.

आत्या बसलीये. ओठांत टाचणी, गळ्यात टेप. माझी जर्सी शिवतेय.

मला लगेच संशय येतो. हिला नक्की आईनं पाठवलंय.

कारण सांगते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा आणि संडासात रक्त. आठवीत हे उच्चारायलाही लाजत होते. आता दहावीत आहे, संघाची कप्तान आहे, कुणालाही बिनधास्त सांगते. आत्यालाही हेच होतं, पंधरा वर्षं. शेवटी तिला आतड्याचा कॅन्सर झाला. घरात सगळे म्हणतात, बिचारीनं एक गोळी चुकवली नाही, तरी. ते ‘तरी’ माझ्या डोक्यात जाऊन बसलंय. म्हणजे गोळ्यांनीच झाला असणार ना? म्हणून मार्चपासून मी गोळ्या घेत नाही. आई रोज जेवणानंतर रिकामं पाकीट बघायला मागते, मी दाखवते. गोळ्या जातात मशीनच्या डाव्या खणात. आणि मी ठणठणीत आहे.

“डावा खण वाजतोय गं, केतके,” आत्या म्हणते.

“बटणं असतील.”

“विटकरी रंगाची?”

मशीन आता शाळेच्या मैदानावर आहे, बरोबर मध्यरेषेवर. पलीकडे आत्या एकटी. मी चढाईला निघालेय आणि माझा दम तिच्या पायडलच्या तालावर चाललाय, कबड्डी, कबड्डी. दम सोडून मी विचारते, तुला आईनं पाठवलं ना?

“तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला कशाला, लाटणं पाठवलं असतं.”

हसायला येतं, पण मी हसत नाही. हिच्यावर माझा विश्वास नाही. “आत्या, खरं सांग. गोळ्यांनी झाला ना तुला?”

ती दातांनी दोरा तोडते. मैदानावर बाकं लागलीयेत, फिनेलचा वास येतोय. हा दवाखान्याचा तोच बोळ, जिथे मी पोट साफ करायचं ते गोडमिट्ट पाणी पिऊन दुर्बिणीच्या तपासणीसाठी बसले होते. आतून आत्याचं नाव पुकारतात. ती हलत नाही. दुसऱ्यांदा पुकारतात.

“ऊठ ना. तुझा नंबर आलाय.”

“मला बरं वाटतंय की,” ती म्हणते. अगदी माझ्यासारखी.

मग खाली मान घालून सांगते. तिला बघायला पाहुणे यायचे. हात धुवायच्या निमित्तानं आत जाऊन बायका फळ्या, कोनाडे बघायच्या. रोज गोळ्या खाणारी मुलगी कोण करून घेणार? म्हणून तिनं गोळ्या लपवल्या. लपवता लपवता घेणंच सोडलं. रक्त आपोआप थांबलं, मग आपल्याला काही झालेलंच नाही, हे तिला खरंच वाटायला लागलं.

“रक्त थांबलं होतं गं. सूज नव्हती थांबली. वर्षानुवर्षं आत तशीच राहिली, त्यातूनच कॅन्सर झाला, आणि तपासणीला मी गेलेच नाही.”

“खोटं. तू घ्यायचीस. सगळे म्हणतात.”

“सगळ्यांनी रिकामी पाकिटं बघितली.”

बोळाच्या टोकाला आमचीच खोली आहे. मशीनचा उजवा खण ती गेल्यापासून अडकलाय. बाबा म्हणतात, लाकूड फुगलं. आत्या माझा हात त्याच्याखाली नेते. “ओढू नकोस. खालून उचल, मग ओढ.”

जाग येते. माग चालूच आहेत, मशीन गप्प आहे. माझा अजून विश्वास नाही. स्वप्न काय, माझ्याच डोक्यातलं. तरी मी खाली वाकते, खणाच्या तळाला हात लावते, उचलते, ओढते.

खण सरकन बाहेर येतो.

दोरा नाही, बॉबिन नाही. काठोकाठ विटकरी गोळ्या. काही फिकट पडलेल्या, काहींचा भुगा. माझी बोटं लाल होतात.

मग मी डावा खणही काढते आणि दोन्ही उचलून स्वयंपाकघरात नेते. आई चहा गाळतेय. मी ते तिच्यासमोर ओट्यावर ठेवते.

“उजवा आत्याचा,” मी सांगते. “डावा माझा.”