धास्तीकाकी बोलत राहिली

माझ्या काकीला आमचा सगळा कारखाना धास्तीकाकी म्हणतो. कारखाना कसला, पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला शंख उकळायचं पातेलं, दुसऱ्या टोकाला आम्ही बायका शंखशिंपल्यांचे दिवे बनवत बसलेल्या. काकीचं काम पोती उपसून शंख निवडायचं. ते ती हाताने करायची नाही. हातभर लांब चिमटा घ्यायची आणि एकेक शंख असा उचलायची, जसं काही आत सासूच बसलीय.

आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं. समुद्रकाकडीला कुणी छेडलं तर ती स्वतःची आतडी बाहेर फेकते आणि पुन्हा नवी उगवून घेते. एक बोटभर कोळंबी नांगी अशी फटकन मिटते, की त्या दणक्याने समोरचा मासा जागीच गार. "आणि दगडमासा तर दगडच दिसतो गं, काट्यावर पाय पडल्यावरच कळतं," हे ती डबा खाताना सांगायची. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. "काकी, पुरे कर, जेवू दे," मी म्हणायचे. मी आहेच जरा फटकळ.

तिच्या भीतीला कारण होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. काका पाणबुड्या होता. एकदा वर येताना त्याने नक्षीचा एक निमुळता शंख कमरेच्या पिशवीत टाकला. आतली गोगलगाय जिवंत होती. मुंगी चावल्यासारखं झालं म्हणाला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत त्याच्या पापण्या उचलेनात. आधी जीभ जड झाली, मग श्वास थांबला तो कायमचा. तेव्हापासून काकीने शंखाला बोट लावलं नाही.

त्या दिवशी सकाळी एक ओलं पोतं आलं. माझी धाकटी, ठमी, नुकती चालायला लागली होती. घरी बघायला कुणी नाही म्हणून ती शेडमध्येच माझ्या पायाशी असायची. मी दिव्याला तार गुंडाळत होते. मान वर केली तर ठमी पोत्याजवळ उभी, आणि तिच्या मुठीत तपकिरी नक्षीचा शंख. निमुळत्या टोकातून एक ओली नळी बाहेर आली होती आणि हलत होती.

काकाला डसला होता तसलाच. तरी तोंडातून निघालं, "जाड बाजूने धरलाय, तिकडून काही होत नाही." आम्ही सगळ्या असंच समजायचो.

"होतं," काकी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ही नळी वास घ्यायची. सोंड वेगळी असते, ती लांब होते, कुठल्याही बाजूला पोचते. टोकाला भाल्यासारखा दात, कापडातूनही घुसतो. तू हलू नकोस."

हिसकावून घ्यावा असं वाटत होतं. पण माझ्या लेकीला मी ओळखते. हिसकावायला गेलं की ती मूठ आवळते आणि पळत सुटते. ओरडले असते तर दचकून तिने तो छातीशी धरला असता. माझा जीव टांगणीला लागला होता आणि पोर माझ्याकडे बघून हसत होती.

काकीने चिमटा खाली ठेवला. ठमीसमोर उकिडवी बसली आणि उघडा तळहात पुढे केला. "दे बाळा, आजीला दे." त्यांचा हा रोजचा खेळ होता. ठमी चमचे, झाकणं आणून तिच्या हातावर ठेवायची आणि काकी म्हणायची, "शहाणी गं माझी." भांडं पुढे केलं असतं तर ठमीने दिलाच नसता, ती फक्त हातावर द्यायची. तिने शंखाकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि तो तिच्या तळहातावर ठेवला.

"शहाणी गं माझी," काकी म्हणाली आणि हात बादलीवर उपडा केला.

मी ठमीला उचलून तिचं बोट न् बोट तपासलं. कुठे काही नव्हतं. मग काकीकडे पाहिलं. ती आपला तळहात उजेडात धरून बघत होती. अंगठ्याच्या मुळाशी लाल ठिपका होता.

"शंखाची कड लागली असेल," ती म्हणाली. "मला भीती वाटते गं."

मुकादमाने गाडी काढली, मी ठमीला मांडीवर घेऊन काकीशेजारी बसले. त्याने दवाखान्यात फोन लावला, तर डॉक्टर म्हणाले, या विषावर उतारा नाही, श्वास बंद पडला तर यंत्रावर ठेवू, लवकर आणा, आणि वाटेत जीभ जड होतेय का बघा.

"काकी, बोलत राहा."

"काय बोलू?"

"तुझं ते नेहमीचं. ऑक्टोपस सांग."

"तीन हृदयं," काकी म्हणाली. "दोन कल्ल्यांना रक्त देतात, एक बाकी अंगाला. पोहायला लागला की ते एक थांबतं, म्हणून तो बापडा सरपटतो." मी तिचं अक्षर न् अक्षर कान देऊन ऐकत होते. तिने समुद्रकाकडी सांगितली, कोळंबी सांगितली, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दवाखान्याचं फाटक दिसलं आणि ती एकदम गप्प झाली.

"काकी, ए काकी, बोल ना गं."

"अगं, हळू," ती ठमीकडे बघत म्हणाली. "झोपलीय ती."

संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊन डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. कडच लागली होती बहुधा. आता डबा खाताना ती पुन्हा सगळं सांगते, आतड्यांसकट. मध्येच पाणी प्यायला थांबली, तरी माझा घास हातातच राहतो.

"पुढे सांग ना, काकी," मी म्हणते.